शेळीची धाप

मावशींना तुम्ही ओळखणार नाही, पण त्यांचा आवाज तुमच्या घरात नक्की येऊन गेलाय. जाहिरातीतली रुसलेली मांजर त्याच. मालिकेत भिंतीपलीकडे भुंकणारा कुत्राही त्याच. वीस वर्षं बाईंनी स्टुडिओत माइकपुढे उभं राहून अख्खा गोठा, खुराडं आणि अर्धं जंगल काढलं, पण माणसासारखं एक वाक्य बोलायची पाळी काही आली नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सकाळी कोंबडा आरवला म्हणून उठावं, तर स्वयंपाकघरात आमची सूनबाई!" सांगायच्या मात्र कौतुकानं हं. म्हातारीचे कान भलतेच तिखट. मावशी संध्याकाळी दोन जिने चढून धापा टाकत वर आल्या की घंटी वाजायच्या आत दार उघडलेलं असायचं.

तर एक दिवस दिग्दर्शकानं मावशींना बोलावलं. मुलांसाठी कार्टूनचा सिनेमा, गाण्यांनी भरलेला. एक शेळी, एक गाढव आणि एक बदक गोठा सोडून शहरातल्या मोठ्या थिएटरात नाव काढायला निघतात. त्यातली शेळी गाते.

"मावशी, शेळीचं गाणं म्हणाल?"

"बें बें करायचंय ना?"

"नाही हो, शब्दांचं गाणं. पण कच्चं. तुमच्या आवाजावर आमची चित्रकार शेळीचं तोंड हलवणार. चित्रं झाली की मोठ्या बाई येऊन पक्कं गातील आणि तुमचा आवाज पुसायचा."

पुसायचा म्हणे! कुणी दुसरी असती तर पर्स उचलून चालू लागली असती. मावशी हो म्हणाल्या. पुसला जाईपर्यंत तर गायला मिळेल, एवढाच हिशेब. घरी त्यांनी फक्त "मी सिनेमात गातेय" इतकंच सांगितलं. उरलेलं सांगायला तोंड उघडेपर्यंत सासूबाई चपला घालून बाहेर पडल्या होत्या. तासाभरात सगळ्या इमारतीला बातमी कळली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी नेमकी स्टुडिओची लिफ्ट बंद. मावशी तीन मजले चढून गेल्या आणि तशाच माइकपुढे उभ्या राहिल्या. "एकदा तरी उजेड माझ्या अंगावर पडू दे..." इथवर ठीक झालं, पण पुढची ओळ लांबलचक. अर्ध्यात दम संपला. मावशींनी खस्सकन श्वास ओढला, आवंढा गिळला आणि ओळ संपवली. "पुन्हा घेऊ या," त्या म्हणाल्या. दिग्दर्शक घड्याळाकडे बघत म्हणाला, "कशाला? पुसायचंच तर आहे."

आता इथे झाली गंमत. चित्रकार होती चष्मेवाली पोरगी, कामाची भारी चोख. तिला वाटलं, मावशींनी हा अभिनयच केलाय! तिनं शेळी गाता गाता थांबवली, पुढचा पाय छातीवर ठेवायला लावला, डोळे मोठे केले, आवंढा गिळायला लावला. या एवढ्याशा प्रसंगावर ती तीन आठवडे बसली होती. ज्यानं पाहिलं तो म्हणाला, सिनेमात हेच सगळ्यात भारी.

मग मोठ्या बाई आल्या. गळा म्हणजे काय वर्णावा! लांबलचक ओळ एका दमात गायल्या. पडद्यावर शेळी बिचारी छातीवर पाय ठेवून तोंड उघडतेय आणि आवाज आपला सरळ पुढे चाललाय. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. नवीन चित्रं काढायला वेळ नव्हता, पोस्टरं शहरभर लागली होती.

"बाई, तिथे जरा धाप लागल्यासारखं..."

बाईंनी दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा खोटं वाटलं. शेवटी हेडफोन काढून त्या हसल्या. "अहो, चाळीस वर्षं श्वास लपवायला शिकले मी. आता दाखवू कसा? मी तिथे थांबते. श्वास ज्यांचा आहे, त्यांचाच ठेवा."

कच्चं गाणं तर केव्हाच पुसलं होतं. मावशींना पुन्हा बोलावणं गेलं. गाणं नको, फक्त धाप द्या. मावशींना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? वीस वर्षांनी शब्द मिळाले, तेही गेले आणि हाती काय राहिलं, तर धाप! त्यातून आज लिफ्ट चालू. माइकपुढे काही केल्या ती येईना. मावशी वैतागल्या. तडक खाली गेल्या, तीन मजले जिन्यानं चढल्या आणि दारातूनच ओरडल्या, "चालू करा लवकर!" एका झटक्यात काम झालं.

सिनेमा लागला. पहिल्या रविवारी सकाळच्या खेळाला सासूबाई इमारतीतल्या अकरा बायका घेऊन निघाल्या. मावशींनी वाटेत दोनदा सुरुवात केली, "आई, ते गाणं मी..." "गप गं, लाजतेस काय?" झालं! सांगायचं तिथेच राहिलं.

अंधारात शेळी पुढे आली, गाऊ लागली. मोठ्या बाईंचा आवाज, बहिऱ्यालाही कळावा असा. बायकांची कुजबुज सुरू झाली. एकीनं तर वाकून विचारलंच, "काय हो, ही तुमची सून?" मावशी खुर्चीत खाली खाली सरकत गेल्या. आता आईंचं तोंड कसं बघायचं, हाच विचार.

लांब ओळ आली. शेळी अर्ध्यात थांबली, पाय छातीवर गेला. वाद्यंही थांबली. सगळ्या थिएटरात एकच धाप ऐकू आली, आणि मग आवंढा.

सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "ही! ही आमची!"

"अहो बसा! पण गाणं तर..."

"गाणं असेल कुणाचंही! ही धाप रोज संध्याकाळी मी दारामागे उभी राहून ऐकते. मला शिकवता?"

मागून कुणी तरी शुक शुक केलं. म्हातारी बसली, पण मावशींचं मनगट तिनं घट्ट धरून ठेवलं. पडद्यावर शेळीनं ओळ पूर्ण केली आणि पुढच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मावशींना रडू आवरेना.

"पुरे की," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आधी श्वास घे."