बांधलेला पाय

त्या सकाळी वहिनीचा धाकटा दीर एकाच पायात चप्पल घालून स्वयंपाकघरात आला. उजव्या पायातली चप्पल दारापाशी उलटी पडली होती आणि ती निसटल्याचे त्याच्या गावीही नव्हते.

"अरे, आज वजन उचलायची परीक्षा आहे ना तुझी?" सासूबाई म्हणाल्या. "मग चप्पल उचलायला काय झालं?"

"ताकद राखून ठेवतोय, आई."

सगळे हसले. वहिनीही हसली. त्याचा डावा घोटा पांढऱ्या टेपने गच्च बांधलेला होता, म्हणून तिने विचारले, "हे काय करून घेतलंस?"

"काही नाही गं. सरावात जरासा मुरगळला. तू लगेच डोळे वटारू नकोस."

दीर व्यावसायिक फुटबॉल खेळाडू होता. मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन पळायचे आणि अंगावर आलेल्या माणसाला गरकन वळून मागे टाकायचे, हे त्याचे काम. म्हणून संघात त्याला भिंगरी म्हणत. वहिनी त्याच क्लबमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ होती. खेळाडू किती वेगाने धावतो, किती उंच उडी मारतो, पायाने जमिनीला किती जोर लावतो, हे मोजणे तिच्याकडे होते. ती खरी वहिनी एकट्या भिंगरीची. पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळा संघच तिला वहिनी म्हणू लागला होता आणि तिने त्याला हरकत घेणे केव्हाच सोडून दिले होते.

वजनाच्या परीक्षेचे मूळ तिच्याच एका अहवालात होते. मागच्या हंगामात तिने निम्म्या खेळाडूंना जिममध्ये जड वजनांचा व्यायाम दिला आणि उरलेल्यांना नेहमीचाच सराव करू दिला. वजन उचलणाऱ्यांची ताकद बरीच वाढली, छोट्या अंतराची धाव किंचित सुधारली, आणि प्रत्यक्ष सामन्यातल्या खेळात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. तिने हे तिन्ही निष्कर्ष सारख्याच ठळकपणे लिहिले होते. मुख्य प्रशिक्षकांना पहिला फार आवडला. त्यांनी नियमच केला: खांद्यावर बार घेऊन, पूर्ण खाली बसून, स्वतःच्या वजनाच्या दुप्पट वजनासह जो उठेल, तोच नव्या हंगामाच्या संघात. "दुप्पट नाही, तर दुसरा क्लब बघा," असे ते सांगत.

"अहवालात हे म्हटलेलं नाही," वहिनीने तेव्हा बजावले होते. "सरासरी सुधारली, सर. प्रत्येकजण सुधारला असं नाही."

"मग भिंगरी आपला अपवाद का?" ते हसून म्हणाले होते. "घरचा आहे म्हणून?"

त्यानंतर तिला त्या विषयावर बोलता येईना. भिंगरी शिडशिडीत होता. पहिल्या चाचणीत तो बारखाली अडकला होता आणि तेव्हापासून जिममध्ये घाम गाळत होता. आज शेवटची संधी होती.

तिची मोजमापाची खोली मैदानाच्या प्रेक्षक-गॅलरीच्या पायऱ्यांखाली होती. पूर्वी तिथे बूट ठेवत. चामड्याचा वास अजून गेला नव्हता. जमिनीत शेजारी शेजारी दोन फोर्स प्लेट बसवलेल्या होत्या, एकेका पायाखाली एक. खेळाडूने त्यांवर उभे राहून उडी मारली की कोणत्या पायाने किती रेटा दिला ते पडद्यावर उमटे. वजनाच्या परीक्षेआधी प्रत्येकाने इथे येऊन जायचे, असा शिरस्ता होता.

भिंगरीने उडी मारली. डाव्या पायाची रेघ नेहमीसारखी उंच गेली. उजव्याची तिच्याहून चांगलीच खाली राहिली.

"पुन्हा मार."

पुन्हा तेच.

वहिनीला भीती वाटली नाही. तिला शंका आली, आणि शंका ही तिच्या कामातली रोजचीच गोष्ट होती. घोटा डावा बांधलेला आणि पाय उजवा कमजोर दिसतो, याचा सर्वांत साधा अर्थ असा की यंत्राच्या तारा उलटसुलट जोडल्या गेल्या आहेत. आदल्या आठवड्यात खोलीची सफाई झाली होती आणि तेव्हा सगळे प्लग काढलेले तिने स्वतः पाहिले होते.

"वहिनी, पास की नापास?"

"तारा उलट्या लागल्यात बहुतेक. डाव्याचं उजव्यात दिसतंय."

तो हसला, पण आधी क्षणभर थांबून मग हसला. "हो, तसंच असणार," तो म्हणाला, आणि जिमकडे निघाला.

तिने खाली वाकून प्लग पाहिले. त्यांवरच्या खुणा जागच्या जागी होत्या. तरी खात्री करावी म्हणून ती स्वतः प्लेटवर चढली आणि सगळा भार उजव्या पायावर टाकला. उजवी रेघ वर गेली. डाव्यावर टाकला, डावी गेली. मग तिने प्रमाणित वजन आधी एका प्लेटवर ठेवले, नंतर दुसऱ्या. दोन्हींनी एकच आकडा दाखवला.

तारा बरोबर होत्या. प्लेट बरोबर होत्या.

पुढच्या पाळीचा गोलकीपर दारात उभा राहून हे पाहत होता. "वहिनी, तुम्हालाही संघात यायचंय का? प्लेटवर चढून बघताय ते!"

तिने वर पाहिले. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे टेपने बांधलेली होती. "बोटांना काय झालं?"

"याला? काही नाही. दुखतंय ते हे." त्याने डाव्या हाताचा उघडा अंगठा वर केला. तो बुडाशी सुजला होता.

"मग टेप इकडे कशाला?"

"म्हणजे काय!" गोलकीपरला तिच्या अज्ञानाची गंमत वाटली. "दुखरं बांधलं तर समोरचा नेमका तिथेच बूट आणून ठेवतो. आम्ही न दुखणारं बांधतो. सगळेच. आपल्या सरांनासुद्धा हाच चकवा देतो, नाहीतर ते बाकावर बसवतात. तुमच्या भिंगरीनेच शिकवलंय नव्या पोरांना. तुम्हाला माहीत नव्हतं?"

 दारापाशी उलटी पडलेली उजव्या पायातली चप्पल वहिनीच्या डोळ्यांसमोर आली. पायातून चप्पल गळते आणि माणसाला कळत नाही, याला आळस म्हणत नाहीत. मुरगळलेला घोटा दुखतो. तो बधिर होत नाही. बधिरपणा आणि पोटरीतला जोर जाणे ही दोन्ही एकाच पायात एकदम आली, तर कारण पायात शोधायचे नसते. ते वर असते, कंबरेत. दोन मणक्यांमधली गादी मागे सरकून नसेवर दाबली जाते. आणि त्या अवस्थेतला माणूस आत्ता, या क्षणी, त्याच कंबरेवर स्वतःच्या दुप्पट वजन घ्यायला गेला होता.

जिमकडे जाणारा बोळ लांब नव्हता. ती धावली. धावताना तिच्यातला एक भाग सवयीने हुज्जत घालत होता: दोनच उड्या आहेत, निदान झालेले नाही, चपला कोणाच्याही निसटतात. दुसऱ्या भागाला ही नस पूर्ण दबली तर पुढे काय काय जाते ते ठाऊक होते. आधी पाऊल. मग त्या गोष्टी, ज्या गेल्यावर घरातले लोक आवाज खाली आणून बोलतात.

तिने जिमचे दार ढकलले तेव्हा बार भिंगरीच्या खांद्यावर आलेला होता.

आत पूर्ण शांतता होती. या खोलीचा एक नियम कोणी मोडत नसे: बारखालच्या माणसाशी बोलायचे नाही. वहिनीला त्यामागचे शास्त्रही माहीत होते. त्या वेळी कणा सावरून धरलेला असतो तो कोंडलेल्या श्वासाने. ओरडून हाक मारावी, तर श्वास सुटेल आणि सगळा भार नेमका त्या गादीवर येईल. न ओरडावे, तर तो खाली बसेल. इकडे आड, तिकडे विहीर होती. तिने तोंड उघडले आणि मिटले.

भिंगरी खाली गेला. वजनांचा व्यायाम शिकवणारा दांडगा प्रशिक्षक, ज्याला सगळे क्रेन म्हणत, दोन्ही हात पुढे करून त्याच्या मागे उभा होता. सगळ्यांत खालच्या टप्प्यावर भिंगरीचा उजवा गुडघा आत वळला, थरथरला.  मग बार हलला. इंचाइंचाने, गळ्यातल्या शिरा तटतटून, तो उठला आणि बार दाणकन रॅकवर आदळला.

एकच गिल्ला झाला. क्रेनने त्याला मिठीत घेतले. "झाला रे झाला! भिंगरीचा बुलडोझर झाला!"

"संघात आलास," मुख्य प्रशिक्षक म्हणाले आणि त्यांनी वहिनीकडे विजयी नजरेने पाहिले. "बघा तुमचा अपवाद."

भिंगरीने तिचा चेहरा पाहिला आणि त्याचे हसू मावळले.

"बूट काढ," वहिनी म्हणाली.

"वहिनी, घरी बोलू ना."

"बूट काढ. एका पायावर उभा राहा आणि टाच उचल. आधी डावी."

"आता हे काय नवीन?" प्रशिक्षक वैतागले. "दुप्पट उचललंय त्याने. टाच कसली उचलायला लावताय?"

भिंगरीने टेप लावलेल्या पायावर उभे राहून टाच उचलली. सहज, पुन्हा पुन्हा. कोणीतरी शिट्टी वाजवली.

"आता उजवी."

तो उजव्या पायावर उभा राहिला. त्याचा खांदा वर गेला. भुवया वर गेल्या. हात हवेत काहीतरी धरायला गेले. टाच जमिनीवरच होती.

"वर, वर, वर..." क्रेन सवयीने म्हणू लागला, आणि मध्येच गप्प झाला.

भिंगरी मान खाली घालून आपल्या पायाकडे पाहत होता.  पाय कमजोर झाल्याचे तो जाणून होता. पाय आपले ऐकतच नाही, हे त्याने आत्ता पाहिले.

"हे माझ्या वजनांमुळे झालं, असं म्हणायचंय तुम्हाला?" प्रशिक्षकांनी हळू आवाजात विचारले.

"मला माहीत नाही. आधीपासूनही असेल. एका माणसावरून ते ठरवता येत नाही," वहिनी म्हणाली. "पण त्याच्या पाठीचा एमआरआय होईपर्यंत त्या खांद्यावर बार जाणार नाही आणि तो मैदानातही जाणार नाही."

"वहिनी," भिंगरी कळवळून म्हणाला, "संघ उद्या जाहीर होतोय. उद्यापर्यंतच गप्प राहा. परवा तू म्हणशील तिथे येतो. आईची शपथ."

आत्तापर्यंत तिला वाटले होते की निवड त्याचा पाय की त्याची नोकरी एवढीच आहे, आणि वेळ थोडी का होईना हातात आहे. तरी जो प्रश्न विचारायलाच हवा होता, तो तिने विचारला. दिराला चारचौघांत विचारण्याचा तो प्रश्न नव्हता.

"लघवी होतेय ना नीट?"

खोलीतल्या सगळ्यांनी नजरा खाली केल्या. एकाला हसू फुटले आणि लगेच विरले, कारण भिंगरी हसला नव्हता.

"काल दुपारपासून जोर करावा लागतो," तो म्हणाला. "आणि बसलो की खाली खुर्ची आहे ते कळत नाही."

म्हणजे लघवी सांभाळणाऱ्या नसाही दबल्या होत्या, आणि त्या वेळेत मोकळ्या केल्या नाहीत तर कायमच्या जातात, हे वहिनीला ठाऊक होते. हे उद्यावर टाकायचे दुखणे नव्हते. हे तासांचे दुखणे होते, आणि त्यातले कितीतरी तास कालच निघून गेले होते.

"गाडी," ती म्हणाली. "मोठ्या हॉस्पिटलला. त्याला चालू देऊ नका."

क्रेनने त्याला लहान मुलासारखे उचलले. मुख्य प्रशिक्षक किल्ली काढत स्वतःच गाडीकडे धावले. मागच्या सीटवर भिंगरीला आडवे केले आणि वहिनी त्याच्या पायाशी बसली. तिने हॉस्पिटलला फोन केला, लक्षणे आणि वेळ नीट क्रमाने सांगितली, शल्यचिकित्सक आत्ता तिथे आहेत का ते विचारले. आवाज कापणार नाही याची तिने काळजी घेतली.

"माझं नाव उद्या येणार नाही ना?" त्याने विचारले.

"नाही."

पुढे प्रशिक्षकांनी गाडीचा वेग वाढवला. वहिनीने त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. तळव्याची बाहेरची कड अंगठ्याखाली धरून ती दाबू लागली. आधी हलके, मग जोराने, मग अंगठ्याचे टोक पांढरे पडेपर्यंत.

"कळलं की सांग," ती म्हणाली.

"सांगतो," भिंगरी छताकडे पाहत म्हणाला. "तू दाबायला लाग."