बाहीतली पट्टी

तिला सगळे टिकटिक म्हणत. एक म्हणजे ती सकाळी डोळे उघडल्यापासून बोलायला लागायची ती झोपेपर्यंत थांबायची नाही, आणि दुसरं म्हणजे तिची आत्या घड्याळं दुरुस्त करायची. खाली आत्याचं दुकान आणि वर सगळ्यांचं घर. शाळेतून आली की दप्तर जिन्यातच भिरकावून टिकटिक थेट आत्याच्या टेबलाशी बसायची.

गेल्या आठवड्यापासून तर तिचा रुबाब विचारू नका. शाळेत बारीककामाच्या स्पर्धेची निवड झाली होती. एक किल्लीचं मनगटी घड्याळ पूर्ण सुटं करून देणार आणि ते तीस मिनिटांत जोडून चालू करायचं. शाळेतून एकच जण पुढे जाणार होता आणि जो जाईल त्याला सुट्टीत पंधरा दिवस घड्याळजींच्या खऱ्याखुऱ्या शाळेत शिकायला मिळणार होतं. टिकटिकने एकोणीस मिनिटांत घड्याळ चालू केलं. तिची जिवलग मैत्रीण उंटीण (उंची पाहिली की नाव समजतं) चोवीस मिनिटांवर राहिली. उंटिणीने टाळ्या वाजवल्या, पाठीत एक धपका घातला आणि मग पाणी प्यायला म्हणून जी गेली ती तास संपेपर्यंत आली नाही.

टिकटिकला तेव्हा जरा कसंसंच झालं. कारण तिच्या उजव्या बाहीत आत्याची पट्टी होती.

वर्षभरापूर्वी आत्याचा हात थरथरायला लागला. चहाचा कप ठीक, पण तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरायचा म्हणजे पंचाईत. डॉक्टरांनी एक राखाडी पट्टी दिली. ती मनगटाला बांधली की हात जिकडे थरथरेल त्याच्या नेमकं उलट ती हळूच ढकलते आणि हात जागच्या जागी राहतो. डॉक्टर म्हणाले होते, ही पट्टी हाताची ओळख करून घेते, तेव्हा दुसऱ्या कुणाला घालायला देऊ नका. हे टिकटिकनेही ऐकलं होतं. पण तिला वाटलं, डॉक्टर टूथब्रशबद्दलही असंच सांगतात.

आत्या पट्टी फक्त बारीक कामाला घालायची. गेले तीन आठवडे दुकानात नुसती भिंतीवरची ढब्बू घड्याळं येत होती, त्यामुळे पट्टी चार्जरवर पडून. टिकटिकने पहिल्या दिवशी गंमत म्हणून घातली. हात असा स्थिर झाला की तिला वाटलं, हा आपला नाहीच, एखाद्या पुतळ्याचा आहे. मग रोज संध्याकाळी दोन तास, सरावाला. मग निवडीच्या दिवशी, बाहीत.

मनाशी वाद घालण्यात तिचा हात कुणी धरला नसता. आत्या भिंग लावते, ते चालतं. सरांच्या कानात यंत्र आहे, ते चालतं. वर्गात निम्म्या पोरींना चष्मा आहे. मग पट्टीनेच काय घोडं मारलंय? प्रत्येक वादात ती जिंकायची, आणि तरी उंटीण समोर आली की उगाच बाही खाली ओढायची.

गुरुवारी, महिनाभर वाट पाहिल्यावर, नर्सबाईंच्या घड्याळाचा सुटा भाग आला. नर्सबाई प्रसूती वॉर्डातल्या. छातीवर उलटं टांगायचं त्यांचं छोटं घड्याळ तीस वर्षं त्यांच्यासोबत होतं. शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या आणि शेवटच्या दिवशी नाडी त्याच घड्याळावर मोजायची, असा त्यांचा हट्ट. शुक्रवारी संध्याकाळी न्यायला येते, असं त्या सांगून गेल्या होत्या.

आत्याने पट्टी बांधली, भिंग डोळ्याला लावलं, चिमट्यात स्क्रू उचलला. आणि हात असा उडाला, जणू कुणी कोपराला धक्का दिला. स्क्रू टप्पकन गेला कुठेतरी.

"हलू नकोस," आत्या म्हणाली.

हा दुकानाचा कायदा. काही उडालं की सगळ्यांनी जागच्या जागी पुतळा व्हायचं, मग आत्या व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना पायमोजा लावून तो जमिनीवरून फिरवायची आणि मोज्यात स्क्रू अडकायचा. आजही अडकला. आत्याने पुन्हा उचलला, पुन्हा उडाला. तिसऱ्या वेळी तिने चिमटा खालीच ठेवला.

तिने पट्टी सोडली, नीट गुंडाळली आणि अगदी साध्या आवाजात सांगायला लागली. आजार पुढे सरकलाय, पट्टीनेही आवरत नाही. नर्सबाईंना उद्या घड्याळ तसंच परत करायचं आणि मग बारीक कामाचं टेबल काढून टाकायचं, भिंतीवरची घड्याळं आहेतच की. हे सांगताना तिने चिमटे आकाराप्रमाणे डबीत लावलेसुद्धा.

टिकटिकला एका क्षणात सगळं कळलं होतं. पट्टीने तिचा हात ओळखून घेतला होता आणि आत्याचा ती विसरली होती. आता ती आत्याच्या हाताला टिकटिकच्या थरथरीचं औषध देत होती. गप्प बसलं तर घड्याळजींची शाळा आपली. आणि आत्याचं टेबल गेलं.

इतकं बोलणाऱ्या मुलीला पहिला शब्द सापडेना. सापडला तेव्हा बाकीचे एकावर एक कोसळले: तीन आठवडे, संध्याकाळी दोन तास, बाही, उंटीण, सगळं.

आत्याने चिमट्यांच्या डबीचं झाकण लावलं. टिकटिकला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"किती मिनिटं लागली?" आत्याने विचारलं.

"एकोणीस."

"आणि पट्टीशिवाय?"

"सव्वीस," टिकटिक पुटपुटली. मग राहवेना म्हणून तिने चष्म्याचा, भिंगाचा, सरांच्या कानाचा अख्खा वाद मांडला.

"वाद बरा आहे," आत्या म्हणाली. "मला तर उत्तरही येत नाही. पण कार्टे, भिंग मी डोळ्याला लावते ते रस्त्यावरून दिसतं. तू पट्टी बाहीत का घातलीस?"

टिकटिकने उगाच बाही खाली ओढली.

"आणि मला वाटलं, माझा हात गेला," आत्या म्हणाली. ते थोबाडीपेक्षा जास्त लागलं.

मग तिने उठून टिकटिकला आपल्या खुर्चीत ढकललं. नर्सबाईंचं घड्याळ आता तूच जोडायचं, उघड्या हातांनी. आत्याची जुनी रीत टिकटिकला पाठ होती पण पट्टीच्या नादात सुटली होती: श्वास अर्धा सोडायचा, अर्धा धरायचा, आणि नाडीच्या दोन ठोक्यांच्या मध्ये स्क्रू फिरवायचा. चार वेळा स्क्रू उडाला, चार वेळा मोजा जमिनीवरून फिरला. गुरुवारची संध्याकाळ गेली, शुक्रवारची दुपार गेली. नर्सबाई दारात आल्या तेव्हा घड्याळ नुकतंच चालायला लागलं होतं. त्यांनी ते कानाला लावलं, मग टिकटिकचं मनगट धरून पूर्ण एक मिनिट मोजलं.

"एकशे दहा," त्या म्हणाल्या. "काय गं, पळून आलीस की काय?"

डॉक्टरांना फोन केला तर ते आधी रागावले, मग म्हणाले, दोन आठवडे रोज घालून कागदावर गोल काढायला लावा, ओळख परत पटेल. आत्या पहिल्याच दिवशी काढायला बसली. गोल कसले, चुरगळलेले बटाटे.

सोमवारी टिकटिकने सरांना सगळं सांगितलं, पट्टीशिवाय सव्वीस मिनिटं लागतात हेसुद्धा. सरांनी नियमांचा कागद दोनदा वाचला. पट्टीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. त्यांनी कानामागचं यंत्र चाचपलं आणि म्हणाले की कागदाप्रमाणे तुझी निवड पक्की आहे, मला ती रद्द करता येत नाही. टिकटिकला तिथेच थांबायचा भारी मोह झाला. पण उंटीण दोन बाकांमागे बसून सगळं ऐकत होती, पाण्याची बाटली घट्ट धरून.

"मग मीच म्हणते, पुन्हा घ्या," टिकटिक म्हणाली. "दोघींच्या बाह्या दुमडून."

बुधवारी घेतली. उंटीण तेवीस मिनिटं चाळीस सेकंद. टिकटिक चोवीस मिनिटं पाच. पंचवीस सेकंदांनी गेलं, आणि त्यातले वीस तरी स्क्रू शोधण्यात.

उंटीण दोन दिवस बोलली नाही. तेही बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी डबा खाताना ती शेजारी येऊन बसली आणि दुसरीकडेच बघत म्हणाली, "सव्वीसची चोवीस झाली कशी? आता काय लपवलं होतंस?"

टिकटिकने तिला अर्धा श्वास आणि नाडीचे ठोके समजावले. उंटिणीने लगेच स्वतःचं मनगट धरून पाहिलं.

"मला शिकवशील? की हेही चालत नाही?"

"चल दुकानात," टिकटिक म्हणाली. "आत्याला विचारू. तिच्यासमोरच शिकवते."

दुकानात आत्या गोल काढत बसली होती. आजचे बटाटे जरा कमी चुरगळलेले होते.