चौकशीची खिडकी

चौकशीच्या खिडकीच्या काचेला तोंडाच्या उंचीवर बारीक भोकांची एक चकती होती आणि खाली, टेबलाला लागून, हात जाईल एवढी फट. गाडीची वेळ विचारणारे चकतीतून विचारत. तिच्या मुलाबद्दल विचारणारे वाकत, फटीशी तोंड आणत आणि आवाज उतरवत. त्यामुळे माणूस वाकायला लागला की कोणता प्रश्न येणार, हे खिडकीमागे बसलेल्या तिला आधीच कळे.

समोरचे आजोबा वाकले.

"बाई, तो धावणारा मुलगा... तुम्हीच ना त्याच्या आई?"

"कुठे जायचंय आपल्याला?"

"जायचं कुठे नाही. सहज चौकशी करायला आलो."

"इथे फक्त गाड्यांची माहिती मिळते, काका."

"वर तर नुसतं 'चौकशी'च लिहिलंय," आजोबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी पाटी वाचली होती, एवढंच.

पाटी खरंच तेवढीच होती. नवरा गेल्यावर त्याच्या जागी तिला बसस्थानकावर नोकरी मिळाली, तेव्हापासून ती त्या एका शब्दाखाली बसत आली होती आणि त्या शब्दात काही वावगं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आता नातेवाईक चौकशीला येत होते. खेळाडूंच्या संघटनेने चौकशी लावली होती. आणि ती रोज सकाळी येऊन चौकशीचा दिवा लावत होती.

शेजारच्या खिडकीतल्या कारकुनाला सगळे पासवाला म्हणत. तो खुर्ची मागे रेटून म्हणाला, "बाई, पाटी उलटी करू का? मागे 'जेवणाची सुटी' लिहिलंय."

"सकाळी सकाळी?"

"तुमची भूक, तुमची वेळ. वर कळवायचं असेल तर मी कळवतो, बाईंना अवेळी भूक लागते म्हणून."

ती हसल्यासारखी झाली. पासवाल्याने तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. पण मागच्या आठवड्यात ती पाणी प्यायला उठली, तेव्हा त्याच्या मोबाइलवर तिचा मुलगा धावत होता. तिची चाहूल लागताच त्याने मोबाइल पालथा घातला आणि पुढे दिवसभर तो फार मोठ्याने बोलत राहिला.

ते चित्रण सगळ्यांनीच पाहिलं होतं. चारशे मीटर, शेवटचं वळण. मुलगा अडखळला नाही, कुणाचा धक्काही लागला नाही. पाऊल उचललेलं असतानाच तो खाली बसल्यासारखा पडला, तो गेलाच. मग कुणीतरी शर्यत सुरू होण्याआधीचा एक क्षण शोधून काढला आणि त्याभोवती लाल वर्तुळ काढलं. त्यात मुलाचा हात तोंडाकडे गेला होता. तोंडात काय टाकलं? उत्तेजक गोळी की पूड? कुणी दिली? त्याला शिकवणारे सर कसे गप्प?

तो अंगठ्याचं नख खायचा. लहानपणी ही सवय सुटावी म्हणून तिने त्याच्या अंगठ्याला कडू औषध लावून पाहिलं होतं. त्याने तेही चाटून टाकलं होतं.

डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, की हृदयाचा स्नायू जाड होता, जन्मापासूनच. बाहेरून काही दिसत नाही. घरात आधी कुणी असं अचानक गेलंय का? तेव्हा तिला नवरा आठवला. चाळिशीही न उलटलेला माणूस रात्री झोपला आणि सकाळी उठला नाही. त्या वेळी लोक म्हणाले, पुण्यवान, झोपेत गेला. एकानेही चौकशी केली नव्हती.

मग डॉक्टरांनी धाकट्या मुलीला तपासलं; तीही धावायची. सगळ्यांचीच तपासणी करतात, असं आईने तिला सांगितलं. निकाल ऐकायला मात्र आई एकटीच गेली. धाकटीचंही तसंच होतं. औषधं घेतली, नियमित तपासण्या केल्या तर बाकीचं आयुष्य नीट जाऊ शकेल, पण धावणं बंद.

"मी सांगते तिला," ती डॉक्टरांना म्हणाली होती. "मला थोडा वेळ द्या."

भाऊ गेल्यापासून मुलगी मैदानाकडे फिरकली नव्हती. त्यामुळे आज नाही सांगितलं तरी चालण्यासारखं होतं. मग उद्याही चालण्यासारखं झालं.

दुपारी संघटनेचे सचिव आले. तेही वाकले.

"बाई, डॉक्टरांनी आम्हाला कल्पना दिलीय. पण तुमच्या परवानगीशिवाय आम्हाला तोंड उघडता येत नाही. एक ओळ द्या फक्त. जन्मजात दोष होता. उद्या बातमी येईल आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"आणि परवा?"

"परवा काय?"

"परवा विचारतील, मग बहिणीचं काय?"

मागे रांगेत एक बाई पिशव्या घेऊन ताटकळत होती.

"विचारतील," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण पोरगा गुणी होता हो. त्याच्या नावाला काळं फासतायत. तुम्हाला बघवतं?"

"संध्याकाळी कळवते," ती म्हणाली आणि पिशव्यावाल्या बाईला फलाट सांगितला. फलाट चुकीचा सांगितला. बाई बरीच पुढे गेल्यावर पासवाल्याला तिला हाका मारून परत बोलवावं लागलं.

घरी आली तेव्हा धाकटी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून धावायच्या बुटांच्या तळाचे खिळे किल्लीने सैल करत होती. खिळ्यांवर वाळलेली माती होती.

"सोमवारपासून मैदानावर जाणार आहे मी. सरांना सांगून आले."

"एवढी घाई काय आहे?"

"घाई? आई, निवड चाचणी तोंडावर आलीय. आणि मी घरात बसले तर लोक म्हणतील, हीसुद्धा घेत होती, म्हणून घाबरली. मी धावणार आणि वर सांगणार, करा माझी तपासणी. रोज करा. हव्या तेवढ्या बाटल्या भरून देते."

"जेवून घे आधी."

"बघ, विषय बदललास. तुझं हे नेहमीचंच."

तेवढ्यात फोन वाजला. आईने तो तिथेच, ओट्याशी उभं राहून घेतला.

"बोला... नाही. काही द्यायचं नाही. हो, विचार करूनच सांगतेय. म्हणू दे त्यांना काय म्हणायचंय ते... नाही, पुन्हा नका विचारू."

"कोण गं?"

"संघटनेचे सचिव."

"काय मागत होते?"

"दादा कशाने गेला ते जाहीर करायची परवानगी."

"आणि तू नाही म्हणालीस?" मुलीच्या हातातली किल्ली तशीच राहिली. "का पण? लपवण्यासारखं काही नसेल तर सांगायला काय जातं?"

हे वाक्य आईने आधी वाचलं होतं. त्या चित्रणाखाली, अनोळखी माणसांनी लिहिलेलं.

मुलगी बुटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एक विचारू? चिडू नकोस. शेवटच्या वर्षात तो फारच सुधारला होता. एवढा वेळ कुणी कमी करत नाही गं एका वर्षात. मी त्याच्याबरोबर धावायचे, मला कळतं. मी कुणाला नाही सांगणार, आई. त्याने घेतलं होतं ना काहीतरी?"

तर इथवर आलं होतं.

आईने गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि ती मुलीसमोर जमिनीवर बसली.

"नाही. त्याने काहीही घेतलं नव्हतं. त्याच्या हृदयाचा स्नायू जन्मापासून जाड होता. तुझ्या बाबांचाही तसाच असणार."

ती थांबली. मुलगी आता विचारेल, असं तिला वाटलं. पण कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तिच्या समोरच्या माणसाने तिला काहीच विचारलं नाही. मुलीने फक्त किल्ली जमिनीवर ठेवली, आवाज होऊ न देता.

"तुझाही तसाच आहे," आई म्हणाली. "तू यापुढे धावायचं नाहीस."