पांढरा रंग उमटेना

मी पेन बोलतोय, पण माझ्यात शाई नाही आणि कागदाशी माझी ओळखही नाही. एका काळ्या सपाट पाटीवर मला फिरवलं की समोरच्या कॉम्प्युटरवर चित्र उमटतं. कारखान्यातून निघालो तो खोक्यात बंद होऊन यवतमाळला आलो, हिरासिंगभाऊंच्या बॅनरच्या दुकानात. तिथे काम करणाऱ्या दीपाने मला हातात घेतलं आणि मी तिचाच झालो.

आमचं काम म्हणजे वाढदिवसाचे बॅनर. पुढाऱ्याचे गाल गुळगुळीत करायचे, नवरदेवाला जरा उजळ करायचं. माणसाला आपलं तोंड आहे तसं फारसं आवडत नाही, हे मी तिथेच शिकलो.

मग ते वाईट साल आलं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली, बोंडात अळी शिरली आणि तिच्यावर विषारी औषध फवारणारे लोक दवाखान्यात भरती होऊ लागले. वर तोंड करून फवारायचं, म्हणजे औषध अंगावरच येणार. दीपाचा भाऊ रवी फुलसावंगी गावात मजुरीने फवारायचा. तोही भरती होता, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. डॉक्टर म्हणत, आत्ताच काही सांगता येत नाही.

त्याच दिवसांत फुलसावंगीतल्या तरुणांनी चौकात लावायला एक चित्र मागितलं. अक्षर एकही नको, पाहूनच समजलं पाहिजे: फवारताना डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क, हातात मोजे. संध्याकाळच्या एसटीने बॅनर जायला हवा होता, कारण सकाळी पुन्हा फवारणी होती. दीपाने चित्रातल्या माणसाला रवीचा चेहरा दिला.

आमचं चित्र एकावर एक ठेवलेल्या काचांसारखं असतं. त्या काचांना लेअर म्हणतात. खाली चष्मा लावलेला चेहरा, त्यावर सावली, सगळ्यात वर मास्क आणि मोजे. दीपाने मास्कसाठी पांढरा रंग घेऊन मला टेकवलं. काहीच उमटलं नाही. तिने जोर दिला, तरी नाही. कडा मिसळायचा ब्रश घेतला, तर खालचा चेहऱ्याचाच रंग ओढला गेला आणि ओठांवर मळकट डाग पडला.

"पेन गेला असन," हिरासिंगभाऊ म्हणाले. "फेक तो. नवा आणतो."

दीपाने मला सोडलं नाही, पुन्हा पाटीवर टेकवलं.

तेवढ्यात दीपाची माय, सत्यभामाबाई, दवाखान्यातून रिकामा डबा घेऊन आल्या. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहून जागीच उभ्या राहिल्या.

"आपला रवीच हाय ना हा?"

"हो व माय."

"मंग तोंडाले काहून नाही बांधलं? असाच तं फवारे तो."

"बांधलं मी. दिसूनच नाही राह्यलं."

चित्र असंच गेलं असतं, तर उघड्या तोंडानेच फवारायचं असा त्याचा अर्थ झाला असता. तिने मला बाजूला ठेवलं आणि एकेक लेअर लपवून पाहू लागली. घड्याळाकडे तिची नजर सारखी जात होती.

शेवटी सापडलं. घाईत तिने सावलीच्याच लेअरची नक्कल करून त्यावर मास्क काढला होता. तो लेअर 'मल्टिप्लाय' या पद्धतीवर होता. तिथे गडद रंग दिसतो, पांढरा नाहीसा होतो. तिने 'नॉर्मल' केलं. मघापासून मी ओढलेला सगळा पांढरा रंग एकदम वर आला. ब्रशला सगळ्या लेअरचे रंग उचलायची मुभा होती, तीही तिने काढून घेतली. मग डाग पुसून आम्ही मास्कच्या कडा सावकाश बसवल्या.

माय बघत राहिल्या. "आता माहा पोरगा ओळखू नाही येत," त्या हळूच म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसलं. "राहू दे. असाच पाठव."

बॅनर वेळेवर गेला. रवीचा एक डोळा वाचला.

आता माझं टोक झिजलं आहे, तरी दीपा मलाच वापरते. यंदा रवी पुन्हा फवारणीला लागला. दीपा रोज सकाळी फोन करून विचारते, "बांधलं का?" तो म्हणतो, "हो." मग ती मला उचलते, आणि तिच्या बोटांचा त्या 'हो'वर विश्वास नाही हे मला कळतं.

मला या टेबलापलीकडचं दिसत नाही. तुम्ही फुलसावंगीच्या वाटेने गेलात तर कपाशीच्या पऱ्हाटीत जरा डोकावून पाहा. त्याचं तोंड उघडं दिसलं, तर त्याला तिथेच थांबवा.