पिठाचा बॉम्ब

बाभळीखाली सभा बसली होती आणि दीको चहा ओतत होती. सभेत बाईने बोलायचं नाही, असा रिवाज. ऐकायला मात्र बंदी नव्हती.

तिचा मुलगा गूलेद लेकरू घ्यावं तसा ड्रोन कडेवर घेऊन उभा होता. पलीकडच्या कुळाने विहीर बळकावलेली, उद्या तिथे बॉम्ब टाकतो म्हणत होता. सभेतले सगळ्यांत म्हातारे वर्समे यांनी, ज्यांच्यावर भाला उगारायचा नाही ती माणसं बोटांवर मोजली : बाई, पोर, पाहुणा, कवी, जखमी, मौलवी. भाले जाऊन बंदुका आल्या, तरी हा कायदा टिकला होता.

“यात सगळं दिसतं,” गूलेद म्हणाला. “मुंगीसुद्धा.”

वैर मिटावं म्हणून दीकोची लेक हिबाक त्याच कुळात दिलेली. रोज त्याच विहिरीवर पाणी भरायची. बहिणीला मी हजारांत ओळखेन, असं गूलेद छातीठोकपणे सांगत होता.

वर्समेंनी तोड काढली. आज आधी परीक्षा दे : बॉम्बऐवजी ड्रोनला पिठाची पुरचुंडी बांध, माळावर कुणी हत्यारबंद गडी दिसला की टाक, आम्ही बघतो.

दीकोने किटली खाली ठेवली. घरी जाऊन नवऱ्याचा जाड कोट चढवला, झोपडीचा वासा खांद्यावर टाकला आणि भर उन्हात माळावर निघाली. डोक्यावर घरघर आली. तिने मान वर केली नाही. मग पांढरा ढग फुटला.

परतली तेव्हा पापण्यांवरही पीठ होतं. ती थेट म्हाताऱ्यांच्या मधोमध जाऊन बसली. बाई सभेत कशी, म्हणून एकजण गुरगुरला.

“बाई कुठली? मला तर पोराने आत्ताच मारलं,” ती म्हणाली. “मेलेल्यांनी बोलू नये असा रिवाज असेल तर सांगा.”

वर्समेंनी बराच वेळ दाढी खाजवली. तसा रिवाज सापडेना. तेव्हा तिने सूर धरला :

“उंच फिरते घार, तिला कोकरू कळतं रे,
तुझं पाखरू, बाळा, आईवरच वळतं रे.”

म्हातारे खोकल्याआड हसले. गूलेदचे कान लाल झाले.

“आई, तो वासा अगदी बंदुकीसारखा दिसत होता गं.”

“आणि उद्या हिबाकच्या पाठीवरचा पाण्याचा डबा कशासारखा दिसेल?”

गूलेदने ड्रोन हळूच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी बोलणी करायला चार म्हातारे पायी विहिरीकडे निघाले. मागोमाग दीकोही, मेलेल्या बाईला अडवणार कोण? कोटाच्या घड्यांतलं पीठ लेकीच्या दारापर्यंत झडत राहिलं.