उरलेले सेकंद

जुन्या घडीच्या कॅमेऱ्याचं भिंग काढून ते नव्या डिजिटल मिररलेस कॅमेऱ्यावर बसवून देणं हा पोटापाण्याचा धंदा असू शकतो, यावर भिंगवाल्याच्या नातेवाइकांचा काही विश्वास बसत नव्हता. "म्हणजे तू नक्की करतोस तरी काय?" असं त्याची आतेबहीण दर भेटीत विचारायची आणि उत्तर पुरं व्हायच्या आत चहा टाकायला उठायची.

करायचा तो एवढंच. झाकण उघडलं की भात्याच्या टोकावर भिंग बाहेर येतं, असे ते आजोबांच्या काळातले कॅमेरे. त्यांच्या भात्यांना भोकं पडलेली असतात, फिल्म तर कोणी विचारत नाही, पण भिंग मात्र ठणठणीत असतं. ते शटरसकट सोडवायचं, पुसायचं, पुढेमागे फिरणाऱ्या एका नळीत बसवायचं आणि ती नळी नव्या कॅमेऱ्याच्या तोंडाला जोडायची. अशा भिंगातून चेहरे मऊ दिसतात आणि मागची झाडं गरगरल्यासारखी येतात. हौशी मंडळी त्यासाठी जीव टाकतात, आणि हौसेला मोल नसतं हे भिंगवाल्याला चांगलं ठाऊक होतं.

त्याच्या टेबलासमोर भिंतीवर खडूने एकच ओळ लिहिलेली होती: आधी काडी, मग पेट्रोल. या जुन्या शटरांच्या कडेला टायमरचा एक चिमुकला दांडा असतो. तो ओढून खटका दाबला की शटर दहाएक सेकंद थांबतं आणि मग 'क्लिक' होतं. तेवढ्यात फोटो काढणाऱ्याने धावत जाऊन घोळक्यात उभं राहायचं. वर्षानुवर्षांनी आतलं तेल चिकट होतं आणि दांडा अर्ध्यावर अडकतो. अशा शटरजवळ पेट्रोलचा थेंब न्यायचा, तर आधी दांड्याखाली दाताची काडी खोचून तो रोखायचा. नाहीतर पेट्रोल आत झिरपतं, तेल सुटतं आणि अडकलेला टायमर वाटेल तेव्हा चालू होतो. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो हे घोकून घ्यायला लावायचा.

आणि नेमका तोच विसरला.

त्याला कारण होतं. ते भिंग चोरीचं होतं, म्हणजे आईच्या कपाटातलं. एका दंतवैद्याला अगदी त्याच घडणीचं भिंग हवं होतं. सहा महिने शोधूनही ते मिळालं नव्हतं. दंतवैद्य रोज फोन करून असा गोड बोलायचा की भिंगवाल्याची दाढ ठणकायला लागायची. तसं भिंग जगात कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. आईच्या उशाच्या कपाटात, वरच्या फळीवर, ताईच्या ओढणीत गुंडाळलेलं. त्या कपाटाला आई कोणाला हात लावू द्यायची नाही.

ताई एकोणीस वर्षांची होती आणि तो सात. परीक्षेत पहिली आली म्हणून वडिलांनी तिला तो कॅमेरा घेऊन दिला. आता जिथे त्याचं दुकान होतं, त्याच लांबट खोलीत तिने सगळ्यांना बसवलं होतं. मागे भिंतीवर पांढरी चादर टांगली होती. ती वाऱ्याने उडायला नको म्हणून दोन्ही दारांना आतून कड्या लावल्या होत्या. आई-वडील खुर्च्यांवर बसले आणि तो पुढे पाटावर. समोर सात पावलांवर तिपाईवर कॅमेरा होता. ताईने टायमर ओढला, खटका दाबला आणि म्हणाली, "हलू नका हं, आलेच मी!" टायमरची घरघर सुरू झाली. तिच्या अनवाणी पावलांचा आवाज आला. मग घरघर थांबली.

ते तिघं हसरे चेहरे करून भिंगाकडे बघत राहिले. क्लिक काही होईना. वडील दात न उघडता म्हणाले, "अडकलं वाटतं." त्याचं नाक खाजत होतं, पण ताई ओरडेल म्हणून त्याने खाजवलं नाही. शेवटी आईने मान वळवून बघितलं तर ताईसाठी सोडलेली जागा रिकामीच होती. खोलीत ती कुठेच नव्हती. दारांच्या कड्या लागलेल्या होत्या आणि खिडक्यांना गज होते. पोलिसांनी फरशी ठोकून पाहिली, शेजाऱ्यांनी नाही नाही ते बोलून घेतलं, आणि वडिलांनी जो धसका घेतला तो त्यांना घेऊनच गेला. सगळ्यांना पुन्हा पुन्हा विचारलं गेलं की ती कुठे गेली, आणि सगळ्यांचं उत्तर एकच होतं. कोणी बघितलंच नव्हतं. सगळे भिंगाकडे बघत होते.

याला एक्केचाळीस वर्षं झाली. आई आता ब्याऐंशीची होती. गुडघे गेल्यामुळे सहा वर्षं वॉकरशिवाय तिचं पाऊल उचललं नव्हतं. डोळ्यांनाही उजेड-अंधारापलीकडे काही कळत नव्हतं, पण कान मात्र तिखट होते. त्या दुपारी तिचा डोळा लागलेला बघून त्याने कपाट उघडलं, कॅमेरा टेबलावर आणला आणि झाकण दाबलं. भाता सरसर बाहेर आला. टायमरचा दांडा अर्ध्यावर अडकलेला त्याला दिसला, दिसला नाही असं नाही. पण त्याच्या मनात एवढंच होतं की आई उठायच्या आत भिंग सोडवायचं आणि रिकामा कॅमेरा परत ओढणीत ठेवून द्यायचा. म्हातारीला काय कळणार आहे! त्याने भिंग धरून ठेवणाऱ्या मागच्या गोल कडीवर पेट्रोलचा थेंब सोडला, पाना लावला आणि कडी फिरवली. भिंग शटरसकट त्याच्या तळहातावर आलं.

आणि घरघर सुरू झाली.

पाठोपाठ फरशीवर अनवाणी पावलं वाजली. एक, दोन, तीन. ती त्याच्या खांद्याजवळून खोलीच्या मध्याकडे गेली. त्याने झडप घालून काडी उचलली आणि दांड्याखाली खोचली. घरघर थांबली, पावलंही थांबली. दांड्याची उरलेली वाट त्याच्या सरावलेल्या डोळ्यांनी मोजली. चार सेकंद शिल्लक होते.

"धाकट्या," आतून आईची हाक आली. "आली का रे?"

थाप मारायची सोय नव्हती. तो आत गेला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं, दंतवैद्यासकट. आई रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती रागावली नाही, तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला तिथे नेऊन बसव."

"आई, स्प्रिंग आहे ती. पेट्रोलने सुटली, दुसरं काही नाही."

"पावलं पण पेट्रोलने सुटली का?"

त्याला एकदम रडू फुटावं तसा राग आला. इतक्या वर्षांचा साठलेला राग होता तो. "एक्केचाळीस वर्षं त्या कपाटाशी बसलीस तू. मी इथेच होतो ना? तुझं औषधपाणी केलं, तुझ्यापायी घर सोडून कुठे गेलो नाही. माझ्याकडे कधी बघितलंस का?"

आईने चाचपडत त्याचा हात शोधला. "तू आहेसच की रे," ती म्हणाली. "जो आहे त्याची वाट कशी बघणार? ती अर्ध्या वाटेत आहे. आईने अर्ध्या वाटेतल्या लेकराकडे बघायचं नाही, तर कुणाकडे बघायचं?"

तिचं बोलणं त्याला लागलं आणि पटलंही.

तिपाईच्या पायांचे तीन खळगे फरशीत अजून होते. त्याने त्यात तिपाई उभी केली, भिंग नळीत बसवलं आणि नळी मिररलेसला जोडली. शटर मिटलेलं होतं, त्यामुळे कॅमेऱ्याचा पडदा काळा होता. क्लिक नेमकं कधी होईल याचा भरवसा नव्हता म्हणून त्याने व्हिडिओचं रेकॉर्डिंग सुरू केलं. शटर उघडेल तेव्हा एखादी तरी चौकट उजळेल असा त्याचा हिशेब होता. काडीला त्याने दोरा बांधला आणि तो सात पावलं लांब आणला. आईने सांगितलं म्हणून दोन्ही दारांना कड्या घातल्या. चार वाजले होते, खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं आणि बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायला लाथा मारत होतं. भिण्यासारखं काहीच नव्हतं. तरी त्याने दोऱ्याची गाठ दोनदा तपासली.

"आता नीट ऐक," खुर्चीत बसल्यावर आई म्हणाली. "त्या दिवशी आपण तिघंही भिंगाकडे बघत बसलो. एकाने जरी तिच्याकडे बघितलं असतं, तर ती गेली नसती. माझे डोळे गेले, म्हणून तू बघायचंस. भिंगाकडे नाही, मधल्या फरशीवर, ती येते त्या वाटेवर. आणि माझा हात सोडू नकोस."

"नाही सोडत."

"भिंगाकडे बघू नकोस हं."

"नाही गं बघत, आई."

त्याने डाव्या हाताने आईचा हात धरला, उजव्या हाताने दोरा ओढला आणि डोळे फरशीवर रोखले. घरघर सुरू झाली. पावलं वाजायला लागली, जवळ येत होती. फरशीवर फक्त ऊन होतं आणि उन्हात धूळ तरंगत होती. एक सेकंद गेला. मग घरघरीचा सूर बदलला.

अगदी थोडासाच बदलला, कुणाच्या कानाला कळला नसता. पण पंचवीस वर्षं त्याने हेच आवाज ऐकले होते. आतल्या चाकांचे दात नीट लागत नाहीत, आत कचरा आहे, आता अडकणार, असं त्याला वाटलं आणि त्याची नजर आपोआप वर गेली, भिंगाकडे. शटरची पाती मिटलेली होती. घरघर थांबली.

तो क्लिकची वाट बघत राहिला. एवढ्यात होईल, आता होईल. कितीतरी वेळ तो असा श्वास रोखून, थोडासा हसरा चेहरा करून बसला होता, हे त्याचं त्यालाच उशिरा कळलं. तळहाताला काहीतरी गार लागलं. त्याने मान वळवली.

खुर्ची रिकामी होती. त्याच्या मुठीत वॉकरची दांडी होती.

त्याने हाका मारल्या. आतली खोली, मोरी, कपाटाच्या मागे, पलंगाखाली, जिथे मांजरही मावणार नाही तिथेही शोधलं. त्याने स्वतः काढेपर्यंत दोन्ही दारांच्या कड्या आतून लागलेल्याच होत्या. शेवटी तो तिपाईशी आला आणि त्याने व्हिडिओ लावला. पडदा काळा होता, असायलाच हवा होता. आवाज मात्र स्पष्ट होता.

आधी घरघर होती. मग धावत येणारी पावलं, एक, दोन, आणि घरघर बंद. नंतर शांतता, आणि त्या शांततेत त्याचा स्वतःचा श्वास. मग आई हसली. ते हसू त्याने सात वर्षांचा असताना ऐकलं होतं, त्यानंतर कधीच नाही. मग पुन्हा पावलं वाजली. ती आता दोघींची होती. एक अनवाणी होती आणि दुसरी आईच्या घरात घालायच्या रबरी चपलांची. त्या चपला घासत नव्हत्या, अडखळत नव्हत्या. त्या पळत होत्या. पावलं कॅमेऱ्यापाशी आली आणि माइकच्या अगदी जवळून आईचा धाप लागलेला, आनंदी आवाज आला.

"हलू नकोस हं धाकट्या. आलोच आम्ही."

पुढे फक्त स्कूटरला बसणाऱ्या लाथा होत्या, आणि त्याच्या हाका.

त्याने वाकून दांडा पाहिला. दोन सेकंद शिल्लक होते. त्याने दांड्याखाली दोरा बांधलेली काडी परत खोचली आणि खिशातला पेट्रोलचा थेंब सोडायचा ड्रॉपर काढून लांब ठेवून दिला. तेवढ्यात फोन वाजला. दंतवैद्य होता, आवाजात साखर घेऊन. "मग, मिळालं का आमचं भिंग?"

"नाही हो, जमणार नाही," भिंगवाला म्हणाला. "ते वापरात आहे."

फोन ठेवून तो कोपऱ्यातला जुना पाट घेऊन आला, आईच्या खुर्चीसमोर मांडला आणि त्यावर बसला. या वेळी तो भिंगाकडे बघत नव्हता, मधल्या फरशीकडे बघत होता. दोऱ्याचं टोक त्याच्या हातात होतं. त्याचं नाक खाजत होतं, पण तो हलला नाही.