सव्वापन्नास किलो

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. कोल्हापुरातल्या एका तालमीत, दाराजवळच्या कोपऱ्यात माझी जागा. मला आणलं तेव्हा हार घालून नारळ फोडला होता. दर वर्षी वजनमापाचे साहेब येत, मला तपासत आणि शिक्का मारून जात. पैलवान म्हणत, "आपला काटा खोटं बोलत न्हाय." ते ऐकून मी सुखावत असे.

पुढे तालमीच्या म्हशींची पेंडही माझ्यावर मोजू लागले. पोती धपाधप आदळत. एके दिवशी माझ्या पाटाखालची दांडी वाकली. रिकामा असताना माझा काटा शून्यावरच असे; पण ओझं आलं की तो पाव किलो पुढे जाई. तपासायला साहेबांना कुणी बोलावलं नाही, शिक्क्याची मुदतही संपून गेली. कुणी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी शहरात तरुण खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. तामोआ नावाच्या इवल्याशा बेटदेशाचा संघही आला होता. संघ म्हणजे तिघंच. त्यातला धावपटू पहिल्याच दिवशी बाद झाला. उरली लेइनी, पन्नास किलो गटातली कुस्तीगीर, आणि तिचे म्हातारे प्रशिक्षक.

कुस्तीच्या सकाळी स्पर्धेच्या ठिकाणचा विजेवरचा काटा बंद पडला. वजन घ्यायचं काम आमच्या वस्तादांकडे, उदयसिंहांकडे होतं. त्यांनी मला टेम्पोतून मागवून घेतलं.

लेइनी माझ्यावर उभी राहिली. मी दाखवलं, पन्नास किलो दोनशे ग्रॅम.

ती काहीतरी बोलली. प्राची नावाची मुलगी दुभाषी होती. ती म्हणाली, "सर, पहाटे खोलीवर तिचं वजन बरोबर भरलं होतं."

"त्यांना सांगा, हा काटा पंचवीस वर्षं आमच्याकडं हाय," उदयसिंह म्हणाले. "अजून अर्धा तास हाय. पळून या म्हणावं."

लेइनी जाड जाकीट घालून मैदानाला फेऱ्या मारत राहिली. परत येऊन ती पुन्हा माझ्यावर उभी राहिली. मी दाखवलं, पन्नास किलो शंभर ग्रॅम. वेळ संपली. तिचं नाव खोडलं गेलं.

दुपारी मला तालमीत परत आणलं. म्हशींचं बघणाऱ्या बायडाबाईंनी सगळं ऐकलं आणि त्या खालीच बसल्या.

"वस्ताद, पन्नास किलोचं शिलबंद पोतं ह्याच्यावर सव्वापन्नास भरतंय. मला म्हाईत हुतं की. पेंडीचंच हाय म्हणून बोलले न्हाय."

उदयसिंहांनी व्यायामाची लोखंडी वजनं आणली. वीस, वीस आणि दहा. माझा काटा सव्वापन्नासावर गेला. पाटाखाली तोंड लपवावं, तर तो पाटही माझाच होता.

ते तडक पंचांकडे गेले. पण कुस्त्या संपल्या होत्या. निकाल बदलला नाही. तिथून ते लेइनीच्या खोलीवर गेले, प्राचीला घेऊन. परतल्यावर त्यांनी बायडाबाईंना सांगितलं, "हात जोडले मी. ती रागावली न्हाय. एवढंच म्हणाली, हे लिहून द्या. तिकडं आईला वाटंल, पोरीनं परक्या गावात खाताना जिभेवर ताबा ठेवला न्हाय."

त्यांनी पत्र लिहिलं, सही केली. बायडाबाईंनीही खाली आपलं नाव लिहिलं. पण स्पर्धेच्या नोंदीत तिच्या नावापुढे आजही 'वजन जास्त' असंच आहे.

आता माझी दांडी सरळ केली आहे, शिक्काही नवा आहे. तरी कुणी पाटावर पाय ठेवला की मी आतून आक्रसतो. मित्रांनो, ज्याच्या शब्दावर कुणाचं नाव खोडलं जातं, त्याच्यावर नुसता विश्वास टाकू नका. त्याला वेळच्या वेळी तपासा. आणि चूक माहीत असेल तर बोला. क्षुल्लक वाटली तरी, तेव्हाच बोला.